फिल्मवर करडी दिसलेली नस

नामांतराच्या त्या वर्षांत परभणीत डोकं फुटलेला माणूस दवाखान्यात आला की आधी विचारलं जायचं, दगड कुणाचा? मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो; बहुतेक वेळा हा प्रश्न मीच विचारत असे.

पोखर्णीकडच्या एका खेड्यातून माझ्या चुलत बहिणीला बेशुद्ध आणलं तेव्हा दगडाचा संबंध नव्हता. तिचा नवरा सांगत होता, कापूस वेचताना चक्कर आली आणि डोकं आपटलं. काकांना, म्हणजे तिच्या वडिलांना, ते पटलं नाही. मलाही नाही. नवराबायकोचं भांडण झाल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं होतं. शिवाय जागा दाखवताना त्याने एकदा बांध सांगितला, एकदा विहीर. काका पोलिसात जायला निघाले होते. इथल्या डॉक्टरांनी आधी औरंगाबादला नेऊन मेंदूचा स्कॅन काढा म्हणून बजावलं.

तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. मेंदूवर रक्त साचलं होतं, ऑपरेशन लागणार होतं. मग ते म्हणाले, ‘‘हिच्या अंगात रक्त फार कमी दिसतंय. बाटली मिळाल्याशिवाय मी हात लावणार नाही.’’

‘‘डोक्याच्या फोटोत अंगातलं रक्त कसं दिसतंय?’’ काकांनी मला कोपर मारलं. ‘‘पेपरात लय लिहितोस. इचार की.’’

मी विचारलं. मशीन नवं होतं, फी मोठी होती. रक्ताची बाटलीही पैशांसाठीच सांगतायत की काय, असा मला संशय आला. डॉक्टरांनी कवटीच्या मागच्या बाजूला बोट ठेवलं. तिथल्या मोठ्या नसेतलं रक्त फिल्मवर मेंदूपेक्षा पांढरं दिसायला हवं. हिची नस मेंदूइतकीच करडी होती. रक्त पातळ असलं की असं दिसतं. ‘‘अंदाज आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तपासायला रक्त पाठवलंय.’’ तासाभरात प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं.

‘‘जखमेतून गेलं असेल,’’ मी म्हणालो.

‘‘एवढ्याशा जखमेतून? लुगडं बघा तिचं, डागसुद्धा फार नाहीत. ही कमतरता कित्येक महिन्यांची आहे.’’

म्हणजे चक्कर खरी असू शकत होती. काकांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. जावयाला एरवी अहोजाहो करणारे काका म्हणाले, ‘‘उपाशी ठेवलीस माझ्या पोरीला.’’

आलेल्यांपैकी फक्त त्या जावयाचंच रक्त जुळलं. काका दारात आडवे आले. ‘‘ह्याचं रक्त तिला चालायचं न्हाई.’’

‘‘मामा, शिव्या मागून द्या,’’ तो म्हणाला. ‘‘आधी सुई टोचू द्या.’’

काका हलले नाहीत. तेव्हा भिंतीशी बसलेली काकू बोलली. ‘‘तिला कुणी उपाशी ठेवली न्हाई. उपास मीच धरायला लावले.’’ मूल होत नव्हतं म्हणून सोमवार, शनिवार आणि एकादशी. दर महिन्याला अंगावरून फार जातं, असं मुलीने दिवाळीला माहेरी आल्यावर सांगितलं होतं. सासरी बोलू नको, ते दुसरी करतील, असं काकूने बजावलं आणि गुरुवारही धरायला लावला.

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दारातून बाजूला झाले. जावयाचं रक्त काढलं जात असताना तिथेच उभे राहिले आणि बाटली घेऊन निघालेल्या नर्सच्या मागोमाग मुलीच्या खाटेपर्यंत गेले. ती बाटली दुसरीकडे जाईल, अशी त्यांना शंका होती.

ऑपरेशन झालं, बहीण वाचली. पोलिसात कुणी गेलं नाही, मी बातमी दिली नाही. ती शुद्धीवर आल्यावर काकांनी तिला एकांतात विचारलं. तिला पडल्याचं आठवत नव्हतं. कुणी मारल्याचंही नाही. ती बरी होऊन सासरी गेली. काका मात्र पुढे कितीतरी वर्षं दर बाजाराच्या दिवशी तिच्या दारात जाऊन पाणी प्यायचे, आणि ती पाणी घेऊन येईपर्यंत तिच्या चालण्याकडे पाहत राहायचे.