देवाला सांगितलेलं, मला ऐकू आलेलं

लग्नानंतर मी जालन्याहून दिल्लीला आले आणि त्याच वर्षी समाजशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. नवरा इथलाच. सासरे केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे त्याचं सगळं बालपण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. मराठी त्याला यायची ती घरापुरती. सासरे निवृत्त झाले, सासूबाईंना घेऊन महाराष्ट्रात, नगरला परतले, आणि आम्ही दोघांनी हिंदूराव हॉस्पिटलजवळ एका घराच्या गच्चीवरची खोली भाड्याने घेतली. इथे तिला बरसाती म्हणतात. मला युनिव्हर्सिटी चालत जाण्यासारखी होती. त्याला मात्र ऑफिससाठी मेट्रो बदलत गुडगाव गाठावं लागे.

वर्गातली पोरं विशीतली, मी त्यांच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. ती मला दीदी म्हणत, आणि एकदा दीदी म्हटलं की मग सिनेमाला कोणी विचारत नाही. एकीने कौतुकाने विचारलं होतं, दीदी, तुम्ही रोज घरी जाऊन स्वयंपाक करता? मग काय, हवा खाते? पण तसं म्हणाले नाही. तास संपले की रिज नावाच्या जंगली टेकडीच्या कडेने घरी यायचं, भाजी चिरायची, गच्चीवरच्या माकडांना काठी दाखवायची आणि संध्याकाळची वाट बघायची. दिवसच्या दिवस मराठीतला एक शब्द तोंडातून बाहेर पडायचा नाही.

संध्याकाळी तो आला की जेवणाआधी घरची प्रार्थना. आम्ही ख्रिस्ती; माझ्या माहेरी हा नेम कधी चुकला नाही आणि त्याच्याही घरी होताच. एक गीत, थोडं शास्त्रवाचन, मग डोळे मिटून प्रत्येकाने आपापल्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करायची. माझे वडील तर गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात करायचे. मी त्यांचीच मुलगी. आजाऱ्यांना बरं कर, प्रवाशांना सांभाळ, आमच्या मंडळीला आशीर्वाद दे. लहानपणापासून तीच वाक्यं, त्याच क्रमाने. जिना उतरताना पायरीकडे कोण बघतं?

नवऱ्याचं उलट होतं. एरवी तो मुखदुर्बळ. दिवस कसा गेला विचारलं की ठीक. ऑफिसचं विचारलं की चलता है यार. पण डोळे मिटले की हा माणूस देवाशी धडाधड बोलायचा, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. नवीन मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला, बहुत बुरा लगा, प्रभू. पप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मला टेन्शन आहे. हिची परीक्षा आहे आणि ही नीट जेवत नाही. समोर बसून मला हे सगळं कळायचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसा हा प्रकार. फक्त तो मुद्दाम करत नसे. निदान नेहमी नसे. एकदा म्हणाला, प्रभू, हिला सकाळी सकाळी फार राग येतो, थोडा कमी कर. मी एक डोळा उघडून पाहिलं, चेहरा अगदी भक्तिभावाचा. माझी पाळी आल्यावर मीही ओला टॉवेल गादीवर टाकणाऱ्यांसाठी सद्बुद्धी मागितली. त्या दिवशी प्रार्थना अर्धवट राहिली आणि आम्ही हसत जेवलो. दिल्लीतले माझे खरे सुखाचे दिवस ते एवढेच.

काळजी सगळ्यांना माझी होती. फोनवर सासूबाई दर वेळी बजावत, शिक पण देवाला विसरू नको. महिन्यातून एकदा, चर्चमधली हिंदी उपासना आटोपल्यावर, तिथेच दुपारी आमची मराठी उपासना भरे. तिथल्या एक मावशी मला बाजूला घेऊन विचारत, समाजशास्त्रवाले देव मानत नाहीत म्हणे? वर्गात आम्हाला शिकवायचे की माणसं एकत्र येऊन प्रार्थना करतात त्यातून समाज बांधलेला राहतो. मी ते उत्तरपत्रिकेत लिहायचे, मार्क मिळवायचे आणि घरी येऊन डोळे मिटायचे. मला दोन्हींत काही अडचण वाटली नाही. सगळे माझी नाडी धरून बसले होते आणि ताप दुसऱ्यालाच होता.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याची प्रार्थना आखडत गेली. आज तू कर, म्हणायचा. मग रोजच तू कर. शेवटी दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची, तीही पाठ असलेली, आणि तो ताटं मांडायला उठायचा. थकलोय, एवढंच उत्तर. मला आधी राग आला, मग भीती वाटायला लागली. ऑफिसात कोणी आवडली असेल का? की माझाच कंटाळा आलाय? तो मॅनेजर अजून छळतो का, हेही मला माहीत नव्हतं. सासऱ्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन गेल्याचं मला सासूबाईंच्या फोनवरून कळलं. मी तशी गप्प बसणारी बाई नाही, पण त्या दिवशी मूग गिळून बसले. दिवसभर एकटी असायचे त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तो घरी आला की मात्र मला फार एकटं वाटायचं.

मग फेब्रुवारीतली मराठी उपासना आली. आमच्यात पाळकसाहेब ऐनवेळी कोणाकडेही बघून म्हणतात, भाऊ, तुम्ही प्रार्थनेत चालवा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने प्रार्थना करा. त्या दिवशी त्यांनी ह्याच्याकडे पाहिलं. हा उभा राहिला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो खाली बसला होता. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. मावशींनी तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला. गहिवरल्यावर ह्याचे कान लाल होतात, आणि ते झाले नव्हते.

परतताना रिजच्या रस्त्यावर तो एका बाकावर बसला. मी उभीच राहिले.

“तिकडे कोणी आहे असं मला आता वाटत नाही,” तो म्हणाला.

केव्हापासून, विचारलं तर त्याला सांगता येईना. काही घडलं नव्हतं, कोणी काही बोललं नव्हतं. हळूहळू गेलं, म्हणाला. माझ्याशी का नाही बोललास, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

“तुझ्यासमोर नॉर्मल राहता येत होतं, यार. प्रार्थनेत खोटं बोलायला जमेना.”

चांगल्या ख्रिस्ती बायकोने आधी नवऱ्याच्या आत्म्याची काळजी करायला हवी होती. मला ती नंतर वाटली, अजूनही वाटते. पण तिथे उभी असताना मनात आलं ते एवढंच, की आता ह्याच्या मनातलं मला कोण सांगणार? वाद घालायला मी शिकलेली होते, मुद्देही सुचत होते. एकही बोलले नाही. घरापर्यंत आम्ही चालत आलो आणि मी वाटेत रडले ते त्याला दिसलं असणार.

संध्याकाळ झाली तशी सवयीने मी गीताचं पुस्तक काढलं, आणि काढल्यावर ओशाळले. तो नेहमीच्या जागी येऊन बसला. तू कर, मी बसतो, म्हणाला. मला गाता आलं नाही. डोळे मिटून मी आजाऱ्यांपासून सुरुवात केली, प्रवाशांपर्यंत आले आणि पुढचं वाक्य निघेना. सबंध गल्लीने ऐकलं तरी चालेल असंच मी आजवर देवाला सांगत आले होते. ह्या माणसाने त्याला काय काय सांगितलं होतं, आणि मी टॉवेलापलीकडे गेले नव्हते.

“प्रभू,” मी म्हटलं, “मला इथे फार एकटं वाटतं. आणि हा घरी आला की जास्तच वाटतं. त्याला हे कसं सांगायचं, मला कळत नाही.”

आमेन म्हणायचं माझ्याकडून राहून गेलं.

“मी आल्यावर जास्त?” त्याने हळूच विचारलं.

मी डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच हो म्हटलं.