उजवीकडे दबलेली गादी

चंडीगडमधल्या मनीमाजऱ्याच्या मोटार मार्केटमध्ये श्यामकांतरावांना सगळे तोंडावर ‘मास्टरजी’ म्हणत आणि पाठीमागे ‘इन्स्पेक्टर’. गाडीच्या गादीला टाका घालण्याआधी ते कागद मागत. गाडी कोणाची, कधी घेतली, कुठून घेतली, सगळं विचारत. आणि उत्तर ऐकताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता बुटांकडे बघत.

बुटांकडे बघायची सवय रुग्णालयातली. श्यामकांतराव मूळचे मिरजेचे. वडील सतारींच्या पेट्यांना बाहेरून चामडं आणि आतून मखमल लावून देत. त्र्याहत्तर साली श्यामकांतराव चंडीगडला आले ते कृत्रिम अवयवांच्या विभागात कामाला. पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचे पट्टे, कमरपट्टे, जाड तळाचे बूट, हे त्यांचं काम. जुना बूट उलटा करून ते माणसाला सांगत, ‘डावा गुडघा दुखतो ना?’ आणि तो दुखत असे. बत्तीस वर्षं त्यांनी नोकरी केली, आणि एवढ्या वर्षांत एकदाही त्यांना मेमो मिळाला नाही. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. त्यांची बायको सुमनताई सांगायची.

निवृत्त झाले तोवर शहर पार बदललं होतं. पूर्वी अख्ख्या गल्लीत एखादी फियाट असायची. आता एकेका घरापुढे तीन-तीन गाड्या. नव्या पोरांना नव्या गाडीत जुना थाट हवा असे. चौकड्याचं कापड, दोन रंगांचं रेक्झीन, कडेनं जाड गोल पायपिंग. मशीनवर हे नीट जमत नाही. श्यामकांतरावांच्या हाताला ते जमत होतं, म्हणून त्यांनी मार्केटात एक अरुंद गाळा भाड्यानं घेतला.

कागद मागायचं कारण मात्र वेगळं होतं. आदल्या हिवाळ्यात चार गाळे सोडून एका माणसाकडे चोरीची गाडी सापडली. बिचाऱ्यानं फक्त छताचं कापड बदललं होतं. पोलिसांनी त्याला तीन दिवस बसवून ठेवलं, गाळ्याला सील लागलं. पुढे तो सुटला, पण मार्केटात त्याच्याकडे परत कोणी गाडी नेली नाही. श्यामकांतरावांनी तेव्हाच ठरवलं, आपलं नाव असं एका गाडीपायी घालवायचं नाही.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत गाळ्यासमोर एक गाडी येऊन थांबली. लहानशी, दुधी रंगाची, गोल डोळ्यांची. परदेशी कंपनीनं स्वतःच्याच पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचा तोंडवळा घेऊन घडवलेली. श्यामकांतरावांनी आत डोकं घातलं. समोरची पट्टी बाहेरच्या रंगाचीच, पत्र्यासारखी चकचकीत. त्यांनी बोटानं टकटक केली. प्लॅस्टिक. एकच मोठी गोल तबकडी, मलईच्या रंगाचं स्टिअरिंग, डोकं टेकायच्या उशा गोल. सगळं देखणं, पण वय लपवणाऱ्या माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि ही तर वय वाढवून सांगणारी गाडी!

गाडीतून एक उंच पोरगा उतरला. “अंकल, आगे की दोनों सीटें रेट्रो करनी हैं. और ड्रायव्हर सीट में, राइट साइड, अंदर से थोड़ा ऊँचा. पर दिखना नहीं चाहिए.”

“दिखना क्यों नहीं चाहिए?”

“बस, यूँ ही. स्टाइल.”

नंबर दिल्लीचा. कागद ‘घर पे’. नाव विचारलं तर नुसतं परीक्षित.

“मराठी का?”

“समझता हूँ,” तो म्हणाला आणि किल्ली ठेवून रिक्षानं निघून गेला.

श्यामकांतरावांनी दार उघडून ड्रायव्हरची गादी पाहिली आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. गाडी सहा महिन्यांची, पण गादी उजवीकडे चांगली दबलेली. डाव्या बाजूची शिवण नव्यासारखी कडक. आणि सीट इतकी पुढे ओढलेली, की सहा फुटी परीक्षितचे गुडघे स्टिअरिंगला लागावेत. खाली चटईवर उजव्या टाचेचा ठसा खोल, एका बाजूनं घासलेला. हा पोरगा ही गाडी एरवी चालवत नव्हता. चालवणारं माणूस बुटकं होतं, बहुधा बाई, आणि तिचा उजवा पाय इंचभर तोकडा.

म्हणजे गाडी दुसऱ्याची. आणि गादीत न दिसणारी जागा लागते ती नशेचा माल लपवायला, हे सीमेलगतच्या पंजाबच्या राजधानीत राहणाऱ्याला सांगायला नको. श्यामकांतरावांनी गाडीची किल्ली खिशात टाकली.

घरी जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. सुमनताईंनी भाकरी उलटली.

“मग पोलिसांकडे जाणार?”

“उद्या कागद आणले नाहीत तर जाणार. गादीत काहीतरी लपवायचंय त्याला.”

“आणि ती बुटकी बाई?”

“तिचीच गाडी उचलली असेल.”

“अहो, बत्तीस वर्षं तुम्ही काय केलंत?” सुमनताई म्हणाल्या. “ज्या बाईची उजवी बाजू खाली जाते, तिला उजवीकडेच उंच लागणार ना? तुम्ही पेशंट ओळखलात आणि चोर शोधत बसलात!”

श्यामकांतरावांनी घास ताटात ठेवला. पण हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. “मग ती स्वतः का येत नाही? ‘दिखना नहीं चाहिए’ हे कशाला?”

“ते तुम्ही विचारा. इन्स्पेक्टर तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी परीक्षितनं कागद आणले. गाडी दिल्लीत घेतलेली, मालकाचं नाव रेवा भल्ला.

“ये कौन?”

“दीदी है मेरी.”

“मराठी पोराची बहीण भल्ला?”

“शादी हो गयी, अंकल. भल्ला से. इतना शक!”

“मग बहिणीला घेऊन ये. ती आल्याशिवाय मी आरीही लावणार नाही आणि गाडीही देणार नाही.”

पोरगा गडबडला. इतका वेळ न बोललेलं मराठी त्याच्या तोंडून फुटलं. “तसं नका ना करू. मी तिला सांगितलंय गाडी सर्व्हिसिंगला आहे. तिला पोलिओ झाला होता. कंबर फार दुखते. मी उशी आणली, तर तिने ती बाल्कनीतून खाली टाकली. नवीन डिझाईन म्हणून केलं तर कळणार नाही ना.”

चोरी नव्हती, हे कळून श्यामकांतरावांना हायसं वाटलं. आणि लगेच दुसरीच अडचण दिसली. मालकिणीला फसवून तिच्या गाडीत हात घालायचा, हेही त्यांच्या नावाला शोभणारं नव्हतं. “तिला न सांगता मी काही करणार नाही,” ते म्हणाले. “फोन लाव.”

रेवा अर्ध्या तासात आली. युनिव्हर्सिटीत शिकवणारी, बुटकी, तिखट. एका बुटाचा तळ जाड, पण तो इतका सफाईनं केलेला की दुसऱ्या कोणाला कळला नसता.

“सर्व्हिसिंग का?” ती भावाला म्हणाली. मग श्यामकांतरावांकडे वळली. “यानं तुम्हाला काय काय सांगितलं?”

“त्याच्याआधी गादीनं सांगितलं.”

“गादी चुगल्या करते?”

“करते. बूटही करतो. हा कोणी शिवला? काम चांगलं आहे, पण टाच पाव इंच कमी पडते. म्हणून कंबर धरते.”

रेवा त्यांच्याकडे संशयानं बघत राहिली. पोलिओबद्दल इतकं रुक्षपणे तिच्याशी कोणी बोललं नसावं. “मला उशा नकोत,” ती शेवटी म्हणाली. “उशी दिसली की शेजारी बसणारा विचारतो, काय झालं? ही गाडी मी हप्त्यावर का घेतली माहितीये? रस्त्यावर लोक गाडीकडे बघतात. मी उतरते तेव्हाही गाडीकडेच बघत असतात.”

“मग गाडीकडेच बघू दे,” श्यामकांतराव म्हणाले. “पाठीच्या कडेला एअरबॅग आहे, तिथे मी सुई लावत नाही. फक्त बसायची गादी उघडतो. आत कठीण फोमची पाचर, वरून जाड पायपिंग. जुन्या गाड्यांच्या गाद्या अशाच कडेला फुगीर असायच्या. आत काय घातलंय ते आधी तुम्हाला दाखवणार, मग शिवणार.”

“आणि शेजारची गादी सपाट? मग फरक दिसेलच.”

“दोन्ही सारख्या करू.”

“अंकल!” परीक्षित ओरडला. “तिथे मी बसतो! मी वाकडा बसू?”

“बस ना,” रेवा म्हणाली. “सत्तावीस वर्षं मी बसते.”

काम चार दिवस चाललं. रेवा रोज येऊन स्टुलावर बसायची आणि तपासायची. फोम दाबून बघायची, उंची पट्टीनं मोजायची, ‘काल इतकं होतं का?’ विचारायची. श्यामकांतरावांना हे माणूस फार आवडलं. त्यांनी तपकिरी रेक्झीनमध्ये मलईच्या रंगाची पायपिंग घातली, आणि पाचर दोनदा तासून तिसऱ्यांदा बसवली.

पाचव्या दिवशी सकाळी रेवा गाडीत बसली. पाठ टेकली, आरशात पाहिलं, आरसा वर केला. आता ती थोडी उंच झाली होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसती बसून राहिली. श्यामकांतरावांनी खाली वाकून तिच्या कमरेची रेघ पाहिली. आडवी, सरळ.

शेजारी परीक्षित डावीकडे, दारावर झुकला होता आणि वरची पकड धरून तोल सावरत होता.

“मास्टरजी, माझ्या सीटमध्ये जास्त घातलंय. पक्का!”

“दोन्हींत मापानं सारखंच आहे. पट्टी देऊ?”

“मग ही सरळ कशी बसलीये?”

रेवा खो खो हसली, आणि हसता हसताच तिनं गाडी मार्केटाबाहेर काढली.