श्रीधररावांचा दंड

श्रीधररावांची सारी नोकरी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात, खरेदी विभागात गेली. रोज होसूर रोडच्या गर्दीतून गाडी चालवायची; चालवायची म्हणजे ढकलायची. निवृत्त झाल्यावर भाची हर्षिता एका रविवारी त्यांना देवनहळ्ळीकडे ऑटोक्रॉस बघायला घेऊन गेली. मोठं डांबरी मैदान, त्यावर मांडलेले नारंगी शंकू, आणि त्यांच्यामधून एका वेळी एकच गाडी वळणं घेत वेळेशी झगडतेय. मागून हॉर्न मारणारं कोणी नाही. पुढच्याच स्पर्धेला श्रीधररावांनी आपल्या जुन्या गाडीचं नाव नोंदवलं.

"साठी उलटल्यावर ही कसली हौस?" त्यांच्या पत्नी तुंगाबाई म्हणाल्या. "वळताना स्वल्प जपून, म्हणजे झालं."

टायरांचं मात्र त्यांनी फार मनावर घेतलं. खाचांत रुतलेले खडे एकेक करून काढले. सरावाच्या दिवशी टायरच्या कडेला खडूच्या रेघा ओढल्या, चक्कर मारून आल्यावर खडू कुठवर पुसलाय ते गुडघे टेकून पाहिलं. फार खालपर्यंत पुसला असेल तर टायर वळणात लोळतोय, हवा वाढवायची. वरचाही पुसला नसेल तर हवा कमी करायची. दिवसभर असं करून त्यांनी चारी टायर मनासारखे केले.

स्पर्धेच्या सकाळी गाड्यांची तपासणी यशोवर्धनकडे होती. हा पुण्याचा मुलगा इंदिरानगरात नोकरी करायचा आणि रविवारी या स्पर्धा भरवायचा. पुढच्या गाडीची चाकं त्यानं हलवून पाहिली, नट तपासले, टायरवरून हात फिरवला. श्रीधररावांची गाडी आली तसा तो हसला.

"काका, तुमचं काय बघायचं? जा, एन्जॉय करा."

"बघा तरी."

"चिल, काका." आणि तो पुढच्या गाडीकडे वळला. श्रीधररावांची कानशिलं तापली.

त्यांची पाळी आली तेव्हा लाऊडस्पीकरवरून कोणीतरी म्हणालं, "अंकलसाठी जोरदार टाळ्या." गाडी हललीही नव्हती. त्या रागातच ते निघाले. वळणात उशिरा ब्रेक दाबला, एक शंकू उडाला. दुसरा तर गाडीखाली अडकून शेवटपर्यंत फरफटत आला.

"मामा, वेळ चांगली आलीय तुमची," फळ्याकडे बघत हर्षिता म्हणाली. श्रीधररावांनी वेळ वाचली. त्यात शंकू पाडल्याच्या दंडाचे सेकंद धरलेलेच नव्हते. ते तडक टेबलाशी गेले.

"माझे दोन शंकू पडले. दंड लावा."

"काका, या वयात येताय हेच खूप आहे," यशोवर्धन म्हणाला. "शंकूंचं काय घेऊन बसलात?"

"माझ्या आधीच्यानं एक पाडला. त्याला लावलात ना?"

"तो स्पर्धेत आहे, काका."

"आणि मी? मी काय इथं भजनाला आलोय?"

यशोवर्धननं फळ्याकडे पाहिलं.

"एक शंकू अजून माझ्या गाडीखाली आहे. या, बघा. सकाळी टायर बघितले नाहीत, आता निदान हे बघा."

दंड लागला. श्रीधरराव सर्वांत खाली गेले. ज्येष्ठांसाठी म्हणून एक कप काढून ठेवला होता, तो त्यांनी हातही न लावता टेबलावरच राहू दिला.

"सॉरी, काका," यशोवर्धन हळूच म्हणाला.

"सॉरी नको. चुकतंय कुठं ते सांगा."

स्पर्धा संपल्यावर तो गाडीत त्यांच्या शेजारी येऊन बसला. पहिल्याच वळणावर ओरडला, "ब्रेक आधी, वळताना नाही. आणि शंकूकडे कशाला बघताय? ज्याच्याकडे बघाल त्यालाच जाऊन धडकाल. पुढचं वळण बघा." श्रीधररावांनी गाडी पुन्हा सुरुवातीला नेली. तिसऱ्या फेरीत एकही शंकू पडला नाही. "अजून हळू आहात," यशोवर्धन म्हणाला.

घरी तुंगाबाईंनी विचारलं, "कितवे आलात?"

"शेवटचा," ते म्हणाले, आणि पानावर बसूनही बोलतच राहिले. माणूस म्हातारा झाला की त्याच्या चुकासुद्धा कोणी मोजत नाही, ही कुठली रीत?

"सरी, कळलं," तुंगाबाई म्हणाल्या, "भात निवतोय."