डब्यावरचं ‘अहो’

माझ्या बायकोने आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टीव्हीचा आवाज लावणं. लोक शेवटी काशीला जातात, एकमेकांचा हात हातात घेतात, काय काय बोलतात. आम्ही एकमेकांवर ओरडत होतो.

ती डब्याजवळ उभी, चष्मा नाकावर, हातात रिमोट. मी समोर खुर्चीत.

"आता ऐकाक येता?"

"नाय."

"आता?"

"नाय गो!"

"आता?"

"ती बातम्यांतली बाई ओरडता कित्याक?"

"म्हणजे येता," असं म्हणून तिने रिमोट ठेवला आणि भाकऱ्या थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी पालेभाजी निवडता निवडता बसल्या जागी गेली. डॉक्टर म्हणाला, हार्ट. जाताना मला काही सांगून गेली नाही. (सांगितलंही असेल. कांजूरमार्गच्या कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर आयुष्य काढलेला माणूस मी, माझ्या कानांचा काय भरवसा!)

आता हा डबा म्हणजे काय ते सांगतो. त्याला रिसीव्हर म्हणतात. आमच्या प्रसादने, म्हणजे मुलाने, स्वतःच्या घरी नवीन आणला आणि जुना आमच्याकडे आणून टाकला. "आई-बाबा, तुम्हाला भेट!" घरातली अडगळ आईबापाकडे पोचवली की तिला भेट म्हणतात. पाच स्पीकर, आणि टेबलाखाली एक जाडा ढोल्या, नुसता घुमतो. त्याच्यावर आम्ही पापडाचा डबा ठेवायचो. तेवढाच उपयोग.

या डब्याला टीव्ही जोडलेला, मोबाईल जोडलेला, रेडिओ त्याच्या पोटातच. पण गंमत अशी की टीव्हीवर माणसं कुजबुजतात, आणि त्याच आवाजावर मोबाईलचं भजन लावलं की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं! मी म्हटलं, फेकून दे. ती म्हणाली, "सगळ्या भाज्यांका एकच मीठ घालून चलात काय?" आणि रिमोट घेऊन बसली. तिने बरोबर जागा शोधून काढली. टीव्हीचं मीठ वेगळं, मोबाईलचं वेगळं, रेडिओचं वेगळं. टीव्हीचं ढमढम पार खाली, बोलणं वर, माझ्या कानांसाठी. मोबाईलचा आवाज उतरवून तबला जरासा वर, तिच्या भजनांसाठी. एकदा घातलं की डबा लक्षात ठेवतो, पुन्हा सांगावं लागत नाही. (आमच्या घरात हा गुण फक्त त्या डब्यात.)

शिवाय प्रत्येकाला नावसुद्धा देता येतं. टीव्हीवर जास्त करून मीच बसलेला असायचो, म्हणून त्याला तिने माझं नाव दिलं. म्हणजे माझं नाव नव्हे! माझं नाव तिने जन्मात घेतलं नाही. रेशनच्या ऑफिसात "नवऱ्याचं नाव?" विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवायची. ती काय डब्यावर लिहिणार! तिने इंग्रजीत लिहिलं, ‘अहो’. टीव्ही लावला की डब्याच्या काचेवर निळं निळं ‘अहो’ उमटायचं. मी सातवी नापास, पण ती तीन अक्षरं मला वाचता यायची.

ती गेल्यावर घरातलं तिचं एकेक कमी होत गेलं. साड्या वाटल्या. औषधं फेकली. लोणच्याची बरणी संपली. पण संध्याकाळी डबा लावला की तो मला ‘अहो’ म्हणायचा, आणि बातम्यांतली बाई मला खणखणीत ऐकू यायची. तिच्या हाताचं तेवढंच उरलं होतं. म्हणून मी सगळ्यांना बजावलं होतं, काय वाटेल ते करा, डब्याला हात लावायचा नाही.

पण घरात दोन इंजिनियर. एक मुलगा, एक जावई. हात लावू नका म्हटलं की यांच्या हाताला खाज सुटते!

त्या दिवशी तिचं महिन्याचं श्राद्ध होतं. स्वयंपाकघरात आमची मुलगी मनीषा वडे तळत होती, कुकरात काळे वाटाणे शिजत होते. पुरुषांना अशा दिवशी काम नसतं, आणि काम नसलेला इंजिनियर म्हणजे दावं सुटलेला बैल. जावईबापू नितीन उठले. म्हणाले, "घरात किती सुनं सुनं वाटतंय. टीव्हीवर जरा शांत बासरी लावतो."

लावली. आता ते माणसाच्या बोलण्याचं मीठ, त्यात बासरी घातली! ती अशी किंचाळली की मनीषा आतून ओरडली, "कुकर झाला का?"

"बाबा, याचं सेटिंग पार चुकलंय," नितीन म्हणाले. "बेस शून्य, सेंटर टॉपला! कोणी केलं हे?"

"बरोबर आहे ते. राहू दे."

"अहो बाबा, याला काही सायन्स असतं की नाही?"

"नसतं. मीठ असतं."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की मुलं बघतात तसं.

"हे बघ, नितीन," प्रसाद डब्याला नाक लावून म्हणाला, "ए, एच, ओ! नावंसुद्धा करप्ट झालीत यार."

"मग काय, रिसेट मार. सगळं साफ."

"ए! थांबा!" म्हणून मी उठलो. पण माझं उठणं म्हणजे काय, आधी हात टेकायचे, मग एक गुडघा, मग दुसऱ्याची मनधरणी. माझे गुडघे सरळ होईस्तोवर डबा कोरा झाला होता.

‘अहो’च्या जागी प्रसादने वाचलं, एचडीएमआय दोन. कोण हा? माझ्या घरात याचं काय काम?

मनीषा झारा घेऊन बाहेर आली. तिने डब्याकडे बघितलं. "ते एएचओ कुठे गेलं?"

"करप्ट होतं ते," नितीन म्हणाले.

"करप्ट तू! ते आईने लिहिलेलं. अहो! बाबांना म्हणायची ते अहो! एवढा शिकलास आणि हे वाचता नाही आलं तुला?" झाऱ्यातून तेल ठिबकत होतं, तिला भान नव्हतं. "आणि दादा, तू? जन्मभर ऐकलंस ना रे घरात?"

प्रसाद खाली मान घालून रिमोटची बटणं मोजायला लागला. मी पुन्हा बसलो. बसायला वेळ लागत नाही.

आता साध्या माणसाला पश्चात्ताप झाला की तो गप्प बसतो. इंजिनियरला पश्चात्ताप झाला की तो आणखी इंजिनियरिंग करतो! "बाबा, टेन्शन नका घेऊ," प्रसाद म्हणाला. "यात ऑटोमॅटिक असतं. एक माइक ठेवायचा, डबा स्वतःच आवाज काढतो, स्वतःच ऐकतो, स्वतःच लावतो. आईपेक्षा परफेक्ट!"

"आईपेक्षा?" मी म्हटलं.

"म्हणजे… आईसारखं."

माइक माझ्या कानाच्या उंचीला हवा म्हणे. मला खुर्चीतून उठवलं. खुर्चीवर पाट, पाटावर पापडाचा डबा, डब्यावर तांब्या, तांब्यावर माइक. माझ्याच घरात, माझ्याच जागी तांब्या बसवला! आणि त्याला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं म्हणे.

"आता कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही! बाबा, श्वास हळू घ्या."

डबा बोलला, हुऊऊप! एका कोपऱ्यातून. मग दुसऱ्या. मग मागून, हुऊऊप! भुताला उचकी लागल्यासारखं. शेवटी टेबलाखालचा ढोल्या घुमला, घुर्रर्रर्र…

कुकरने शिट्टी मारली.

"बाहेरचा आवाज जास्त आहे म्हणतोय डबा. पुन्हा! मनीषा, गॅस बंद कर."

"करणार नाही! वाटाणे कच्चे राहतील. आईच्या श्राद्धाला कच्चे वाटाणे घालू?"

पुन्हा हुऊऊप. पुन्हा घुर्रर्र. पुन्हा शिट्टी. डबा आणि कुकर यांची सवाल-जवाबाची बारी सुरू झाली. त्यात तिसरी शिट्टी आली ती खालून, वॉचमनची. आमची बोरीवलीची सोसायटी नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून. तिथे भरदुपारी मांजर खोकलं तरी लोक खिडक्या लावतात. वॉचमनने घुर्र ऐकलं आणि निघाला बोंबलत! क्षणात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, ‘सेकंड फ्लोअरवर बिबट्या. मुलांना आत घ्या.’

समोरच्या शाहभाईंनी दार ठोकलं. दार उघडून बघतो तर हातात पोछ्याचा दांडा, डोक्याला हेल्मेट. "परबभाई! दरवाजा बंद राखो! बिबट्या तुमच्याच माळ्यावर हाय!"

"माझ्याच घरात आहे," मी म्हटलं. "दोन आहेत. न्यायचे असतील तर न्या."

हे सगळं होईस्तोवर पान वाढून झालं. मनीषाने वडे, वाटाण्यांचं सांबारं, भात असं तिच्या आईचं पान गॅलरीत ठेवलं. आता कावळ्याने शिवायला पाहिजे. एरवी आमच्या गॅलरीत कावळ्यांची मीटिंग भरलेली असते, बायको रोज शिळी भाकरी घालायची ना! त्या दिवशी एक नाही. हुऊऊप ऐकून सगळे पार्कात पळाले होते.

कावळा शिवत नाही म्हणजे तिची काही इच्छा राहिली. मग कबूल करायची पाळी आली. प्रसाद हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना मी माझ्याकडे घेऊन जाईन." कावळा नाही. (मला हायसं वाटलं.) मनीषा म्हणाली, "आई, मी दर रविवारी येईन गं." कावळा नाही. नितीन म्हणाले, "आई, मी यापुढे विचारल्याशिवाय कशालाही हात लावणार नाही." हे तर कावळ्यालाही पटलं नसणार.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गॅलरीच्या दारात गेलो. हात जोडले नाहीत, तिला सवय नव्हती. म्हटलं, "गो, ऐकतंस? टीव्हीचो आवाज होतो तसो मी परत लावतंय. माझ्या हातान."

कावळा नाहीच! आतून डबा म्हणाला, हुऊऊप. यांनी तो चालूच ठेवला होता! मी आत गेलो, डब्याचा प्लग भिंतीतून उपटला, तांब्या उचलून मनीषाच्या हातात दिला. परत येऊन बघतो तर कठड्यावर कावळा. वडा चोचीत धरून बसलाय.

"बाबा! आईने तुमचं ऐकलं!" मनीषा रडायला लागली. प्रसादचेही डोळे भरले.

ऐकलं कसलं? प्लग काढला म्हणून आला. पण रडणाऱ्या माणसांना कुठे समजवायचं. आणि बोललो ते बोललो होतोच. शब्द दिला होता, तोही कावळ्यासमोर.

जाताना नितीन म्हणाले, "बाबा, पुढच्या रविवारी येऊन मी नीट करून देतो."

"तुम्ही जेवायला या जावईबापू," मी म्हटलं. "हात धुवा, जेवा, आणि मग ते खिशात ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लग लावला. तिचा चष्मा घातला. (माझ्यापेक्षा बरं दिसतं त्यातून.) ती उभी राहायची तिथेच, डब्याजवळ उभा राहिलो. नावाची जागा सापडली. ए सुरुवातीलाच असतो, तो मिळाला. एच दर वेळी पुढे निघून जायचा, हट्टी पोरासारखा. पुन्हा सगळी बाराखडी फिरून यायची. शेवटी ओ धरला. निळं ‘अहो’ उमटलं. त्याच्याकडे बघत जरा वेळ उभाच होतो. गुडघे आखडले होते, दुसरं काही नाही.

मग आवाज. डब्याजवळ उभं राहून एकदा बटण दाबलं. विचारलं, "आता ऐकाक येता?" खुर्चीकडे गेलो. बसलो. ऐकलं. "नाय," म्हटलं. हात टेकले, एक गुडघा, दुसरा गुडघा, उठलो, डब्याकडे. बटण. "आता?" खुर्ची. "नाय गो!" पुन्हा वर. घाम फुटला. ही बाई हे सगळं कसं करायची, मनात म्हटलं, धन्य तिची!

दूध घेताना दार उघडंच राहिलं होतं. शाहभाई पेपर हातात घेऊन उंबऱ्यात उभे. कधीपासून, देव जाणे.

"परबभाई, कोणाशी बोलता?"

"टीव्हीशी."

"हां." त्यांनी पेपरची घडी घातली. भला माणूस. मग हळूच म्हणाले, "पण रिमोट तर खुर्चीत बसून पण चालते ने? त्याच्यासाठीच तर रिमोट हाय."

मी रिमोटकडे बघितलं. खुर्चीकडे बघितलं. ती डब्याजवळ उभी राहायची ते काचेवरची बारीक अक्षरं दिसावीत म्हणून. मी ऐकायला खुर्चीत असायचोच, तिला फक्त ओरडावं लागायचं. आणि मी समजत होतो, तसा नियमच आहे! कोण तो काल इंजिनियरांना बैल म्हणत होता?

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "गुडघ्यांचा व्यायाम करतोय."

त्यांना घालवलं, दार लावलं, खुर्चीत बसलो, रिमोट पुढे धरला. दाबत गेलो.

"आता ऐकाक येता?" मीच विचारलं.

"ती बाई ओरडता कित्याक?" मीच म्हटलं.

म्हणजे येता.

शब्द पुरा झाला. मग रिमोट ठेवला आणि उठून भाकऱ्या थापायला गेलो, कारण पुढचं काम तेच असायचं. भाकऱ्या नकाशासारख्या झाल्या, त्याचं काही नाही, पोटात गेल्यावर कोण बघतो? पण जन्मभर त्या बाईचं मिठाचं शहाणपण ऐकलं, सगळ्यांना सुनावलं, जावयाला शिकवलं, आणि पहिला घास तोंडात घातल्यावर कळलं, पिठात मीठच घातलं नव्हतं.