हिरोचा मित्र मस्कतला गेला

"बंद पडलंय," असं म्हणत सदाकाकांनी मशीनची डबी माझ्या टेबलावर ठेवली. महिन्याभरात ही तिसरी वेळ.

मी डबी उघडली. कानामागे बसणारी दोन छोटी मशीन्स. चार्जिंग पूर्ण. नळीत मळ नाही. आमच्याकडे डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी एक नळी असते. ती मशीनला जोडली की मशीनला काय ऐकू येतंय ते आपल्याला कळतं. मी ती लावली. बाहेर भाजीवाली कुणाशी तरी हुज्जत घालत होती, तिचा शब्द न् शब्द आला.

"काका, मशीन ठणठणीत आहे," मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हटलं.

"असंल. पन सिनेमा कळत न्हाय."

मी ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे ऐकू किती येतं ते तपासून मशीन बसवणारी. लोक 'कानाच्या मॅडम' म्हणतात, मलाही तेच सोपं वाटतं. अलिबागला माझं छोटं क्लिनिक आहे आणि दर गुरुवारी मी मुरुडला एका डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसते. सदाकाका तिथले पेशंट, राहणार आगरदांडा. तीस वर्षं त्यांनी दिघीच्या लाँचवर इंजिन सांभाळलं. एवढी वर्षं इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसलं की कानाचं काय होतं, ते ऑडिओग्रामवर दिसतं. ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याचा आलेख. डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक. काकांची रेघ डावीकडे बरी चालते आणि मग घाट उतरल्यासारखी खाली येते. अशा माणसाला आवाज येतो, शब्द येत नाहीत. आपण बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही.

त्यांना माझ्याकडे आणलं त्यांच्या मुलीनं, शीतलनं. ती पनवेलला शाळेत शिकवते. जेट्टीच्या वळणावर एक टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमला आणि काका आपले रस्त्याच्या मधून चालत राहिले. शेवटी टेम्पो गटारात गेला.

"मॅडम, पुढच्या वेळी टेम्पोवाला गटारात जाईलच असं नाही," शीतल म्हणाली होती.

खरं होतं. त्यात आमच्या धंद्यात पहिला महिना महत्त्वाचा. बरीच वर्षं न आलेले आवाज अचानक आले की डोकं वैतागतं, त्याला सवय व्हायला वेळ लागतो. त्या महिन्यात माणसानं मशीन रोज घातलं तर घातलं. नाहीतर ते कपाटात जातं आणि कपाटातच राहतं. तशी मशीन्स मी ढिगानं पाहिली आहेत.

आता सिनेमाचं. मी काही मोठी सिनेमावाली नाही. कोण काय लिहितंय ते वाचत नाही. रविवारी दुपारचा शो, खारे पॉपकॉर्न, बास. शेजारी नवरा दहाव्या मिनिटाला एसीत झोपतो आणि गाडीत बसल्यावर विचारतो, "शेवटी काय झालं गं?" पण माझी मतं आहेत. हल्लीचे हिरो पुटपुटतात आणि मागून ढोल बडवतात. निम्म्या लोकांना वाटतं, आपलाच कान गेला. घाबरून माझ्याकडे येतात. मी तपासते आणि सांगते, कान शाबूत आहे, दोष सिनेमात आहे, घरी जा. दुसरं मत हिरोच्या मित्राबद्दल. हा बिचारा इंटरव्हलपर्यंत सगळ्यांना हसवतो. इंटरव्हलनंतर त्यानं खिशातून होणाऱ्या बायकोचा फोटो काढला की समजावं, याचं काही खरं नाही. मी तिथेच रुमाल काढते. दर वेळी काढते, आणि दर वेळी मला स्वतःचा राग येतो.

म्हणून काका मला पहिल्या दिवसापासून आवडले. मशीन बसवण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, तुम्हाला काय ऐकायचंय? कुणी नातवंडांचं बोलणं म्हणतं, कुणी फोन म्हणतं. काका म्हणाले, "सिनेमा. दुपारचा."

शेजारी त्यांची बायको, कमलमावशी, बसल्या होत्या. त्या हसल्या आणि मग का कोण जाणे, एकदम गप्प झाल्या. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी उत्साहात होते. टीव्हीला जोडायची एक छोटी डबी मिळते, तिच्यातून टीव्हीचा आवाज थेट मशीनमध्ये जातो. तीही मी दिली. डायलॉग सरळ कानात. याहून काय पाहिजे?

आणि आता तिसऱ्यांदा तक्रार. मी मशीन कॉम्प्युटरला जोडलं. रोज किती वेळ घातलं, हे मशीन स्वतःच नोंदवून ठेवतं. आम्ही पेशंटना हे आधीच सांगतो. ते विसरतात.

"काका, दिवसभर घालता ना?"

"व्हय तर. सकाळपास्नं झोपंपर्यंत."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. रोजची सरासरी चाळीस मिनिटं.

काका स्क्रीनपाशी वाकले. "ह्ये चुगली बी करतंय व्हय?" म्हणाले आणि उठून गेले.

माझा पारा चढला. दहा मिनिटांनी शीतलचा फोन आला. मशीन महिनाभर वापरून बघायची ट्रायल संपत आली होती.

"मॅडम, परत करून टाकायचं का? पप्पा घालतच नसतील तर काय उपयोग?"

"एक आठवडा द्या मला."

"तुम्ही काय करणार?"

"बघते," मी म्हटलं. मला तेव्हा काहीच सुचलेलं नव्हतं.

त्या दुपारी पेशंट कमी होते. मी रिक्षा केली आणि आगरदांड्याला त्यांच्या घरी गेले. न सांगता. न सांगता गेलं की खरं दिसतं, हे मला माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या वागण्यातून शिकवलंय.

दार उघडंच होतं. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली टीव्ही. टीव्हीवर सिनेमा चालू, पण आवाज पूर्ण बंद. मी दिलेली डबी कोपऱ्यात, वायर गुंडाळून ठेवलेली. काका खाटेवर, कान मोकळे. मावशी त्यांच्या उजव्या कानाशी स्टूल घेऊन बसलेल्या आणि तारस्वरात सिनेमा सांगत होत्या. समोरच्या घरातली बाई पायरीवर कोलंबी सोलत होती. ती सोलता सोलता ऐकत होती.

"ह्यो बघा दोस्त त्याचा. लगीन ठरलंय. बायकोचा फोटू दावतोय."

मी दारातच थांबले. पुढचं मला माहीत होतं. गोळी सुटली. मित्र पडला. हिरोनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आभाळाकडे बघून ओरडला.

"हं, ह्याला जरासं लागलं," मावशी म्हणाल्या. "दवाखान्यात न्हेला. बरा झाला. मग त्याला मस्कतचा व्हिसा आला, गेला बिचारा. आता भेट कधी व्हनार म्हनून हिरो रडतोय."

पडद्यावर चिता पेटली होती.

काकांनी मान डोलावली. "कंपनी चांगली हाय का?"

"मोठी हाय. ऱ्हायाला रूम देतात."

मला हसू आलं. त्या आवाजानं मावशींनी मागे पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखा टीव्ही बंद केला. "जयभीम मॅडम, या, चहा टाकते," म्हणत आत गेल्या. मीही मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"हे काय चाललंय मावशी?"

त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "तेरा वर्सांपूर्वी ह्यांच्या छातीत स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टर म्हनाला, मरनाधरनाचं काही यांच्या कानावर घालू नका. तेव्हा ह्यांना ऐकू कमीच यायचं, सिनेमा मीच सांगायचे. मला वाटलं, सिनेमातलं मरन बी मरनच. मग मी कुनालाच मरू दिलं न्हाय."

"डॉक्टरांनी किती दिवस म्हटलं होतं?"

"ते कोन इचारतं मॅडम?"

चहा उकळला. त्यांनी गॅस बारीक केला, पण गाळायला घेतला नाही. "आता मशीन आलं. सगळं ऐकू येनार. माझा खोटेपना उघडा पडनार. आनि डबीतनं सिनेमा कानात गेल्यावर माझं काय काम तिथं? म्हनून डबी लावली की मी आत येते. आज हे म्हनाले, मशीन बिघडलंय. मी परत बसले सांगायला. वाईट हाय, पन मला बरं वाटलं."

मला माझी लाज वाटली. तेरा वर्षांची या बाईची जागा मी एका डबीला देऊन टाकली होती. वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

निघाले तेव्हा काका रिक्षापर्यंत सोबत आले. जेट्टीवर फेरीत गाड्या चढत होत्या. मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "काका, ते मस्कतचं तुम्हाला खरं वाटतं?"

"मी बहिरा हाय मॅडम, आंधळा न्हाय. चिता दिसते ना मला."

"मग मावशींना सांगत का नाही?"

"सांगितलं तर ती मेलेल्याला मेला म्हनंल." ते थोडं चालले आणि थांबले. "माझ्या जिवासाठी ती एवढी वर्सं कुनाला मरू देत न्हाय. मला त्यातलं निम्मं कळायचं. पुरं कळावं म्हनून मशीन घेतलं. तुमाला सिनेमा म्हनलो ते ह्येच. पन मशीन घातलं की ती उठून आत जाते. मग काढून ठेवतो."

मी रिक्षात बसले. मुरुड येईपर्यंत टीव्हीची डबी मी मनातल्या मनात परत घेऊन टाकली होती.

पुढच्या गुरुवारी दोघांना बोलावलं. टीव्हीची डबी परत घेतली आणि त्याऐवजी एक क्लिप माईक दिला. अंगठ्याएवढा असतो. बोलणाऱ्यानं कपड्याला लावायचा, त्याचा आवाज थेट मशीनमध्ये जातो. मशीनवर एक बटण आहे. दाबलं की दोनदा टिक-टिक वाजतं आणि आजूबाजूचा आवाज कमी होऊन माईकचा तेवढा ऐकू येतो. मी तो माईक मावशींच्या पदराला लावला.

"बातम्या देनाऱ्या बाईवानी," मावशी म्हणाल्या.

काकांना मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. "मावशी, आता एक सिनेमा सांगा. मला आवाज ॲडजस्ट करायचाय. ओरडायचं नाही, माझ्याशी बोलताय तसं बोला."

"एवढ्या हळू? त्यांना कसं ऐकू जाईल?"

"कमल," काका तिकडून म्हणाले, "असा हाय तुझा आवाज?"

"कसा?"

"मऊ. मी इसरलोच व्हतो."

मावशींनी पदर सारखा केला, मग आठवून पुन्हा माईक सारखा केला. आणि सांगायला लागल्या, तोच त्या दुपारचा सिनेमा. मी आवाज वरखाली करत होते. काका डोळे मिटून ऐकत होते. हिरो आला, गाणं झालं, मित्रानं खिशातून फोटो काढला. तिथे मावशी थांबल्या. त्यांनी काकांच्या कानामागच्या मशीनकडे पाहिलं.

"मग त्या दोस्ताला गोळी लागली," त्या म्हणाल्या. "आनि तो मेला."

मावशींची मान खाली गेली. "आता ऐकू येतं तुम्हाला. खोटं किती दिवस सांगू? तुमच्या छातीसाठी सांगत व्हते."

"मेला कशाला?" काका म्हणाले. "मस्कतला गेला तो. गेल्या गुरुवारीच गेला ना. ऱ्हायाला रूम बी दिलीय त्याला."

मावशींनी मान वर केली. "म्हंजे तुम्हाला म्हाईत व्हतं?"

"पयल्या सिनेमापास्नं."

"आनि मला तेरा वर्सं घसा फोडू दिलात?" असं म्हणून त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडल्या. मी कॉम्प्युटरकडे बघत बसले. माझं काम दोन मिनिटांपूर्वीच संपलं होतं आणि मला स्क्रीनही धड दिसत नव्हती.

मशीन परत गेलं नाही. गेल्या वेळी नोंद बघितली, रोजचे अकरा तास. काका आता हॉर्न ऐकून बाजूला होतात, इतकंच नव्हे तर टेम्पोवाल्याला हॉर्न कमी वाजव म्हणून झापतात, असं शीतल सांगते. एकच तक्रार आली, तीही समोरच्या कोलंबीवाल्या बाईची. मावशी आता हळू सांगते, आम्हाला सिनेमा ऐकू येत नाही. मी त्यांना कान तपासायला या म्हटलंय.

तुम्हाला काय ऐकायचंय, हे मी पूर्वीही विचारायची. आता फॉर्मवर एक रकाना वाढवलाय, 'कुणाकडून'. बहुतेक लोक तो पटकन भरतात.

मागच्या रविवारी आम्ही सिनेमाला गेलो होतो. मित्रानं इंटरव्हलनंतर फोटो काढला. पुढचं व्हायचं ते झालं, मी रुमाल काढला, शेजारी नवरा घोरत होता. गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "शेवटी त्या मित्राचं काय झालं गं?"

"मस्कतला गेला," मी म्हटलं.

"अरे वा," तो म्हणाला आणि त्यानं सीट बेल्ट लावला.