सहा कार्यक्रमांची दुपार

उन्हाळ्यात सांस्कृतिक आणि शैक्षणिक कार्यक्रम घेणारी वाचनालयं पुष्कळ असतील. आमच्या उस्मानपुऱ्यातल्या वाचनालयानं अख्खा उन्हाळा एका दुपारी उरकला. या पराक्रमाला मी, म्हणजे तिथला ग्रंथपाल, नुसता साक्षीदार नव्हतो; चांगला हातभार लावणारा होतो.

सरकारी अनुदानासाठी वाचनालयाचा दर्जा टिकवायचा तर कार्यक्रम झालेले दिसावे लागतात. तपासणी आठ दिवसांवर आली आणि फाइलीत एकही फोटो नाही, हे ध्यानात आल्यावर आमचे सचिव शहागंजात गेले आणि सहा फलक छापून घेऊन आले. व्याख्यान, बालसंस्कार शिबिर, हस्ताक्षर स्पर्धा, कथाकथन, ‘वाचक बोलतो’ आणि ग्रंथप्रदर्शन. प्रत्येकावर वेगळी तारीख. ते मी भिंतीवर एकावर एक बांधले. वरचा सोडला की खालचा कार्यक्रम सुरू.

सभासदांना निरोप गेला, येताना कपड्यांचा दुसरा जोड आणा. बाहेर डांबर पायाला चिकटत होतं आणि सचिव तीन जाकिटं खांद्यावर टाकून आले. बायकांनी ओढण्या आणल्या. पोरांना जागा बदलून बसवलं की शिबिरातली पोरं हस्ताक्षर स्पर्धेत जात होती. पहिल्या दोन फोटोंत भिंतीवरचं घड्याळ आलं. दोन आठवड्यांच्या अंतरानं झालेल्या कार्यक्रमांत आठ मिनिटांचा फरक दिसत होता. घड्याळ काढून ठेवायची सूचना माझी. एवढ्या वर्षांच्या नोकरीत सचिवांनी माझी पाठ थोपटली ती तेव्हाच.

पाचव्या फलकाखाली बोलणार होत्या आमच्या एक वाचक मावशी. पडेगावहून रिक्षा बदलत यायच्या. जन्मभर दवाखान्यात आया म्हणून काम केलेलं, सही अंगठ्याची. निवृत्त झाल्यावर नातीच्या पाटीवर अक्षरं गिरवली आणि मग आमच्याकडं येऊन पेपरच्या मथळ्यावर बोट फिरवत बसू लागल्या. त्या मोठ्यानं वाचायच्या म्हणून मी दोनदा त्यांना टोकलंही होतं. कार्यक्रमाचं मीच त्यांना सांगितलं होतं. फक्त फोटो काढायचाय, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

“किती येळ मिळंल सर?” त्यांनी विचारलं होतं.

“दहा मिनिटं,” मी छातीठोक सांगितलं होतं.

त्या दुपारी त्या इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या. सगळ्यांना जय भीम केला आणि हातात वहीची घडी घातलेली पानं धरून पहिल्या रांगेत बसल्या. समोर चार कार्यक्रम पार पडले. त्या गोंधळल्या, पण उठल्या नाहीत. आपली पाळी यायचीय, एवढंच त्यांच्या तोंडावर होतं. मला तेव्हाच उठून जावंसं वाटत होतं, पण फलक कोण बदलणार?

पाचवा फलक उघडला आणि मावशी व्यासपीठावर चढल्या. माईक बंदच होता; फोटोत आवाज येत नाही. सचिव म्हणाले, “मावशी, एक हात वर करा. तोंड जरा उघडं. हां, झक्कास! झालं, या खाली.”

“झालं? मी तर सुरूच केलं नाय.”

“पुढच्या वर्षी नक्की. चला चला, शेवटचा राहिलाय!”

मावशी खाली आल्या नाहीत. त्यांनी पानं उलगडली आणि वाचायला लागल्या. समोर खुर्च्या सरकत होत्या, ओढण्या अदलाबदल होत होत्या. सचिव तिसऱ्या जाकिटात हात घालत मला खुणावत होते. मी फलक सोडायला स्टुलावर चढलो. मावशींच्या एवढा जवळ मी एकटाच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“आमच्या वार्डात एक म्हातारा व्हता. त्येला घरून चिठ्ठी आली. मला म्हणला, बाई, वाच. मला येत नव्हतं, पण तसं म्हणायची लाज वाटली. मी मनानंच वाचलं. सगळे मजेत हायेत, तुमाला न्यायला निघालेत. म्हातारा लई खूश झाला. दाराकडं तोंड करून पडायचा. आठव्या दिवशी गेला. चिठ्ठी मी उशीखालून काढून ठिवली. औंदा मला नीट वाचता आली. पोरानं लिव्हलं व्हतं, बाबा, न्यायला येऊ का? तुमचं उत्तर आलं की निघतो.”

माझे हात गाठीवरच थांबले.

“ग्रंथपाल! फलक!” सचिव ओरडले. “आणि मावशींना जरा बाजूला घ्या. त्याच साडीत पुन्हा दिसतील.”

मी गाठ सोडली. खरंच सोडली. थांबा म्हणता आलं असतं, माईक चालू करता आला असता, निदान स्टुलावरून उतरता तरी आलं असतं. दर्जाची काळजी होती, असं मी घरी बायकोला सांगितलं. फलक मावशींच्या खांद्याला घासून खाली पडला. त्यांनी तो उचलला, नीट गुंडाळून माझ्या हातात दिला आणि बाजूला झाल्या. सहावा फोटो निघाला. गर्दी आमरसाच्या वाट्यांकडं वळली.

जाताना त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या.

“सर, कुणी ऐकलं का?”

“मी ऐकलं, मावशी. सगळं ऐकलं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

“असंच म्हणले व्हते मीबी त्या म्हाताऱ्याला,” त्या म्हणाल्या. “सगळं वाचलं म्हणून.”