अक्कांची सहल

फोन लक्ष्मीचा होता. सकाळी वाचनालय उघडून मी नुकतेच पेपर टेबलावर मांडत होते. "बाई, शेवंताक्का गेल्या. झोपेतच गेल्या," ती म्हणाली, आणि क्षणभर मला कळेना की ही कुणाबद्दल बोलते आहे. शिरूरच्या आमच्या घरात त्यांचं नाव कमल होतं. खरं नाव कळल्यावरही माझ्या वडिलांनी, आप्पांनी, ते शेवटपर्यंत बदललं नाही, आणि अक्कांनीही कधी दुरुस्त केलं नाही. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. लिहू की नको असं करत अखेर लिहायला बसले आहे, कारण दौंड तालुक्यात पुष्कळांना त्या आठवतात त्या पेपरातल्या 'अपहरणातील फरार महिला' म्हणून. मला आठवतात त्या वेगळ्या.

आप्पांचं अर्धं अंग गेलं तेव्हा मी त्यांच्यासाठी दिवसभर राहणारी बाई शोधत होते. बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या ओळखीच्या मावशींनी यांना आणलं. चाळिशी ओलांडलेल्या, काटक, हातात पिशवी. "कमल. एकटीच हाय. राहीन पण हितंच," एवढंच त्यांनी सांगितलं, आणि मीही जास्त विचारलं नाही. आप्पा कोर्टातले निवृत्त कारकून. शरीर लुळं पडलं तरी जीभ शाबूत होती, आणि तिच्यापुढे याआधीच्या दोघी टिकल्या नव्हत्या. कमलताई टिकल्या. भाजी आळणी म्हणून आप्पांनी ताट सरकवलं की त्या म्हणायच्या, "आता जीभबी लुळी पडली का काय आप्पा? कालच्यापक्षा मीठ जास्ती हाय." आप्पा रागाने ताट पुन्हा ओढून घ्यायचे. घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी भांडत होतं, आणि मला ते बरं वाटत होतं. एक मात्र होतं. त्या एसटी स्टँडकडे कधी जात नसत, आणि पोलिसांची गाडी दिसली की पदर पुढे येई. नवऱ्याला सोडून आल्या असतील, असं मी मनाशी धरून चालले होते.

दोनेक वर्षं अशी गेली. एका संध्याकाळी मी आप्पांना पेपर वाचून दाखवत होते. कुठल्याशा गावात सरपंचावर अविश्वास ठराव आला होता आणि सदस्य 'सहलीला' गेले होते. आपल्याकडे हे नवीन नाही. एखाददुसऱ्या मतावर अडलं की सदस्यांना गाडीत घालून लांबच्या फार्महाऊसवर ठेवायचं, मोबाईल काढून घ्यायचे आणि मतदानालाच आणून उभं करायचं. याला गावात कुणी पळवणं म्हणत नाही, सहलच म्हणतात, आणि परत आलेले लोक फोटोही दाखवतात. आप्पांना हसू आलं. "कमल, मला कसं गं कुणी पळवून नेत नाही?" कमलताई त्यांच्या पायाला तेल चोळत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "आप्पा, असल्या एका सहलीचा सैपाक म्या केला व्हता. पोलीस मला हुडकत्यात."

आप्पांनी विचारलं, "त्यात तरी मीठ घातलं होतंस का?" आणि कमलताईंना रडू फुटलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दौंड तालुक्यातल्या राहू गावाच्या पुढचं एक गाव, नाव लिहीत नाही. लवकर वैधव्य आलेल्या शेवंताक्का दिराच्या घरी राहत. गावातल्या कुठल्याही लग्नात चुलीवरची मुख्य बाई त्याच, त्यामुळे त्यांच्या हाकेला कुणी नाही म्हणत नसे. दिराच्या गटाला सरपंचावरच्या अविश्वास ठरावासाठी एक मत कमी पडत होतं. लक्ष्मी नुकतीच निवडून आलेली, पलीकडच्या गटाची. पुरुषांनी बोलावून ती गेली नसती. दिराने अक्कांना तिच्या दारात पाठवलं. देवाला जाऊन सांजेला माघारी यायचं, असं सांगायला लावलं. सहलीला माणसं खुशीनेच जातात, दोन दिवस मजेत राहतात, हेच आजवर पाहिलेलं. त्यामुळे अक्कांना त्यात काही वावगं वाटलं नाही. लक्ष्मीने तान्ही मुलगी सासूकडे दिली आणि अक्कांच्या शेजारी गाडीत बसली. देऊळ मागे पडलं तरी गाडी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का भाकरी थापत होत्या. लक्ष्मी येऊन शेजारी बसली. तिचं पोलकं पुढून दुधाने ओलं झालं होतं. "तवा मला कळलं बाई," अक्का म्हणाल्या, "ही सहल न्हवं."

फार्महाऊसवर फरशी बसवलेला संडास होता. तरी अक्कांनी दारावरच्या माणसाला सांगितलं की आम्हाला घरात बसायची सवय नाही, आणि दोघी दोन टमरेलं घेऊन शेताकडे निघाल्या. अशा वेळी बायकांच्या मागं कोण येणार? रस्त्यावर दुधाची गाडी मिळाली. लक्ष्मीला तिच्यात बसवून अक्का एकट्या परत आल्या. तिचं पोट बिघडलंय, येईल सावकाश, असं सांगत त्यांनी पुष्कळ वेळ काढला, आणि मग चुलीवर आमटी तशीच ठेवून दुसऱ्या वाटेने चालत्या झाल्या. लक्ष्मी घरी पोचली. पण तिच्या नवऱ्याने तक्रार आधीच दिली होती, आणि दारात हाक मारणारी म्हणून अक्कांचं नाव सगळ्यात वर होतं. दिराने आणि त्याच्या माणसांनी जामीन घेतला आणि बेत सगळा शेवंताचाच, असं सांगून ते मोकळे झाले.

कोठडीची भीती अक्कांना नव्हती असं नाही, पण बोचत होतं ते दुसरंच. आप्पा सारखे हजर हो म्हणायचे आणि त्या एकच उत्तर द्यायच्या. "आप्पा, लक्ष्मी म्हणंल, तूच मला फसवून नेलंस. मी काय सांगू तिला? नेलं तर मीच." तिच्यासमोर उभं राहता येईल का, एवढाच प्रश्न होता. शेवटी आप्पा म्हणाले, "तिला काय वाटतं ते इथं बसून माझ्या तंगड्या चोळत कसं कळणार तुला?" त्यांनी जुन्या ओळखीतला वकील गाठून दिला. दौंडला मी त्यांच्यासोबत गेले. अक्का आत गेल्या, काही आठवड्यांनी जामिनावर बाहेर आल्या, आणि खटला सुरू होईपर्यंत पुन्हा आप्पांशी भांडत राहिल्या.

लक्ष्मीची साक्ष झाली त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. अक्कांचं नाव घ्यायचं आणि पुढं काही बोलायचं नाही, असं घरून तिला शिकवून पाठवलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरकारी वकिलांनी विचारलं, तुम्हाला घरातून कुणी नेलं? ती म्हणाली, "शेवंताक्कांनी." अक्कांची मान खाली गेली. वकील पुढच्या प्रश्नाकडे वळले, पण ती थांबली नाही. "आन् सोडवलं पण त्यांनीच." विचारलं तेवढंच सांगा, असं तिला सांगण्यात आलं. ती म्हणाली, "अर्धं सांगायला मी आले न्हाई."

निकालात अक्का निर्दोष सुटल्या. बाकीच्यांचं वरच्या कोर्टात अजून चालू आहे. पण मला निकालापेक्षा साक्षीच्या दिवशीचा व्हरांडा आठवतो. लक्ष्मीच्या कडेवर तीच मुलगी, आता भरभर बोलणारी. अक्कांनी विचारलं, "माझा राग हाय का गं?" लक्ष्मी म्हणाली, "हाय की. पण गावाकडं या."

आप्पा वारल्यानंतर अक्का खरंच गावाकडे राहायला गेल्या. दिराच्या घरी नाही, लक्ष्मीच्या आळीत खोली घेऊन. आणि तिथे त्यांनी स्वतःची सहल सुरू केली. ग्रामपंचायतीत कसलंही मतदान आलं की आदल्या दिवशी दोन्ही गटांच्या सदस्य बायकांना टेम्पोत घालून न्यायचं, लेकरांसकट, हवं तर सासवांसकट. मोबाईल जिचा तिच्याकडे. पहिल्या वेळी कुठं न्यावं विचारायला त्यांनी मला फोन केला. मी इनामगाव सुचवलं, घोडनदीच्या काठावरचं. तिथे बघायला आता काही नाही. उत्खननात उकरलेलं बुजवून टाकलंय. मीही सोबत गेले आणि तिथं पुस्तकात वाचलेलं सांगितलं, की इथं हजारो वर्षांपूर्वी वस्ती होती आणि गेलेलं तान्हं मूल लोक रांजणात घालून घराच्याच जमिनीखाली ठेवत. अक्का बराच वेळ पायाखाली बघत राहिल्या. "म्हंजी तवाबी आईला लेकरू घरातच लागत व्हतं," म्हणाल्या. मग सगळ्यांना जेवायला हाक मारली.

दिवेलागणीच्या आत परत यायचं, हा नियम. टेम्पो प्रत्येकीच्या दारात थांबायचा. घरातलं माणूस बाहेर येईपर्यंत अक्का तो हलू द्यायच्या नाहीत. "तुमचं माणूस आणून सोडलं. बघून घ्या," म्हणायच्या, आणि मगच पुढचं घर.

गेल्या आठवड्यात गावात उपसरपंचाची निवड होती. आदल्या दिवशी सहल निघाली. लक्ष्मीने मलाही बोलावलं. नदीकाठी आम्ही भाकरी खाल्ली, पोरांनी पाण्यात धिंगाणा घातला, आणि परतताना एकेक घर आलं तशी लक्ष्मी खाली उतरून अक्कांचंच वाक्य बोलत होती. शेवटचं घर अक्कांच्या दिराचं. त्यांची सून यंदा सदस्य आहे, लक्ष्मीच्या विरोधातली. म्हातारे स्वतःच दारात आले. लक्ष्मीने सुनेला पुढे केलं. "मामा, तुमचं माणूस आणून सोडलं. बघून घ्या."

त्यांनी सुनेला आत घेतलं. मग बाजूला सरले, "आत या. च्या घिऊन जावा," म्हणाले. त्या प्रकरणानंतर लक्ष्मीने त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

"येते की," ती म्हणाली. "उद्या मतदान झाल्यावर येते. कुणीबी निवडून येऊ द्या."